मॅटवरच्या तीन चढाया

माझा भाचा मेलबर्नला असतो. दर रविवारी फोन करतो आणि तिकडच्या गमती सांगतो. तिकडे अंड्यासारख्या लांबट चेंडूचा एक खेळ आहे. त्याला ते फुटबॉल म्हणतात, पण चेंडू हातात घेऊन पळतात आणि ठोसा मारून दुसऱ्याकडे देतात. एकदा म्हणाला, "मामा, इथं टीव्हीवर चार माणसं कोट घालून बसत्यात आणि तासभर भांडत्यात, की चाळीस वर्षांमागचा अमका खेळाडू आजच्या खेळात टिकला असता का न्हाई. मला सारखी तुमची आठवण येती." मी म्हणालो, "माझी कशाला? मी कुठं भांडतो?" ह्यावर तो इतका वेळ हसत राहिला की शेवटी मीच फोन ठेवला.

खोटं कशाला बोलू, भांडतो. आष्ट्याहून इस्लामपूरकडे जाताना रस्त्याला लागून आमचं गाव आहे. साखर कारखान्यात मी चिटबॉय होतो, म्हणजे उसाच्या नोंदी घेत आणि तोडीची पाळी सांगत तीस वर्षं शिवारं तुडवली. ह्या नोकरीत माणूस बांधाबांधावर बसतो आणि भेटेल त्याच्याशी बोलतो. मी कबड्डीवर बोललो. माझं म्हणणं एकच होतं. आमच्या वेळचा सुभेदार आज मॅटवर उतरला, तर टीव्हीवरच्या ह्या रंगीत चड्ड्या घातलेल्या पोरांना पाणी पाजेल.

सुभेदार माझा वर्गमित्र. फौजेतून त्या हुद्द्यावर निवृत्त होऊन आला आणि गावाने तेच नाव धरलं. फौजेत जायच्या आधी तो आमच्या संघाचा पहिला चढाईपटू होता आणि मी सातवा गडी. सातवा गडी म्हणजे सहा चांगले मिळाले आणि एक कमी पडला की ज्याला घेतात तो. माझ्याकडे एक काम मात्र हक्काचं होतं. परगावी खेळायला जाताना आमच्या मैदानातली पसाभर माती फडक्यात बांधून न्यायची आणि खेळ सुरू व्हायच्या आधी तिथल्या मैदानात टाकायची. मग सगळ्यांनी ती कपाळाला लावायची, तळहातांना चोळायची. आपल्या मातीत उभं राहिलं की हार होत नाही, अशी समजूत होती. हार व्हायची तेव्हा माती कमी आणली म्हणून शिव्या मलाच बसायच्या.

सुभेदाराचं सगळं बळ त्याच्या दमात होतं. एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं आणि श्वास तुटला की बाद, हा नियम सगळ्यांनाच होता. पण हा गडी समोरच्या बाजूला गेला की परत यायची घाईच करायचा नाही. तेव्हा चढाईला घड्याळ लावत नसत. तो पाहुण्यासारखा आत हिंडायचा. समोरचे वाट बघून कंटाळायचे, कंटाळून पुढे यायचे आणि फसायचे.

म्हसवडच्या बाजूला एका जत्रेत तर त्याने कमालच केली. शेवटची चढाई होती आणि आम्ही एका गुणाने मागे होतो. सुभेदार आत गेला, दोघांना शिवला, तेवढ्यात तिसऱ्याने त्याचा पाय धरला. मग आणखी तिघे अंगावर पडले. हलग्या कडकडत होत्या, लोक ओरडत होते, धुरळ्यात काही दिसत नव्हतं. त्या ढिगाऱ्याखालून हा दम न तोडता सरपटत आला आणि त्याने मधल्या रेषेला बोट लावलं. आम्ही जिंकलो. ही गोष्ट मी किती वेळा सांगितली त्याला गणती नाही. चहाच्या टपरीवर सांगायची असली तर बाकड्यावर पालथा पडून, हात लांब करून दाखवायचो. टपरीवाला म्हणायचा, "बाकडं मोडंल, आता उठा."

तीन वर्षांपूर्वी आमच्या गावात पत्र्याचा एक हॉल उभा राहिला आणि त्यात कबड्डीची मॅट आली. शिकवायला एक तरुण बाई आल्या. माण तालुक्यातल्या, घरी पिढ्यान् पिढ्या मेंढरं, आणि स्वतः मोठ्या स्पर्धा खेळलेल्या. सगळे त्यांना मॅडम म्हणतात. गेल्या दिवाळीनंतर एकदा त्या टपरीवर चहा घेत होत्या आणि मी नेमका बाकड्यावर पालथा पडलेलो होतो.

माझं होईपर्यंत त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, गोष्ट लय भारी हाय. पण आता चढाईला तीस सेकंदं असत्यात. तेवढ्यात परत न्हाई आलं की बाद. एवढा दम घेऊन करायचं काय? आणि मॅटवर अंग घसरत न्हाई, चिकटतं. सरपटणार कसं?"

मी म्हणालो, "पोरी, तू त्याला बघितलं न्हाईस."

"मग दाखवा की. रविवारी सकाळी आणा त्यांना. तीन चढाया करू द्या. माझी पोरंबी बघतील."

टपरीवरची सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी "व्हय, आणतो" म्हणून मोकळा झालो. ज्याला आणायचं होतं त्याला विचारलंच नव्हतं.

घरी जाईपर्यंत माझं धाबं दणाणलं. सुभेदार बासष्टचा. पहिल्याच चढाईत पोरांनी त्याला उचलून आपटलं, तर माझं तीस वर्षांचं बोलणं फुकट जाणार आणि उरलेलं आयुष्य टपरीवर मान खाली घालून चहा प्यावा लागणार. शिवाय त्याच्या गुडघ्याला काही झालं तर तो घोर वेगळाच. मला आधी स्वतःच्या बोलण्याची काळजी वाटली आणि गुडघ्याची नंतर, ह्याची आता लाज वाटते.

सुभेदार उसाला पाणी देत होता. मी आडवळणाने सुरुवात केली, पण बांधावर डबा घेऊन आलेल्या वहिनींनी लगेच ओळखलं. "आवं भावजी," त्या म्हणाल्या, "तुमच्या जिभंला हाड न्हाई ते न्हाई, ह्यांच्या पायात हायत की! मोडली मंजी?" सुभेदाराने सरीचं मातीचं दार मोडून पाणी पुढच्या सरीत घेतलं आणि मला विचारलं, "त्यांच्या डाव्या कोपऱ्यात कोन हाय?"

रागवायचं सोडून त्याने हे विचारलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं की गड्याला खाज सुटली आहे.

रविवारी सकाळी निम्मं गाव हॉलवर हजर. मी पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा अशा थाटात गेलो आणि बरोबर जुन्या मैदानातली माती नेली. पसाभर नव्हे, खताच्या पिशवीत भरून चांगली घमेलंभर. मॅडम पोरांशी बोलत होत्या. त्यांची पाठ वळलेली बघून मी मॅटवर गेलो, मातीला हात जोडले आणि चारी कोपऱ्यांत पेरणी केल्यासारखी माती टाकली. मधल्या रेषेवर जरा जास्तच टाकली.

पहिलं पोरगं मॅटवर पळत आलं आणि सर्रकन घसरून भिंतीपर्यंत गेलं. दुसरं त्याला उचलायला गेलं आणि त्याच्या शेजारी जाऊन बसलं. मॅडमनी मॅट बघितली, माझ्या हातातली पिशवी बघितली. मला वाटलं आता आपली शोभा होणार. त्या एवढंच म्हणाल्या, "काका, फडकं आणि बादली तिकडं कोपऱ्यात हाय." सगळ्या गावासमोर मी इस्त्रीच्या सदऱ्यात गुडघ्यावर बसून अख्खी मॅट पुसली. वहिनींना एवढं हसताना मी त्यांच्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं.

मॅट वाळेपर्यंत सुभेदाराने पिशवीतून नवेकोरे बूट काढले. इस्लामपुरातून आणले होते, खास मॅटवरचे. मी म्हटलं, "अरं, तू आयुष्यभर अनवाणी खेळलास!" तो म्हणाला, "ही माती न्हाई गड्या. अनवाणी गेलो तर तळपाय भाजतील." त्याला हे कुणी सांगितलं, असं विचारलं तर म्हणाला, "मोबाइल हाय की."

पहिल्या चढाईला तो कपाळाला नुसता हात लावून आत गेला. त्याचा तो जुना आवाज ऐकून मला भरून आलं. खालच्या पट्टीतला, एकसारखा, कुठेही घाई नाही. पोरं आधी हसत होती. तो डावीकडून उजवीकडे गेला, एकदा वाकला, एकदा नुसता खांदा हलवला, तशी सातही पोरं मागे सरली. मी मनात सेकंद मोजत होतो. ह्याला तीस सेकंदांचं भान राहणार नाही, अशी मला खात्री होती. पण वेळ संपता संपता तो शांतपणे रेषेवर परत आला. गुण नाही, पण बादही नाही.

दुसऱ्या चढाईत त्याने काय केलं ते मला दिसलंच नाही. तो पाठ करून परत निघाला आहे असं वाटलं, पोरं एक पाऊल पुढे आली आणि ह्याचा पाय मागच्या मागे जाऊन एकाच्या गुडघ्याला लागला. मॅडमनी स्वतः टाळी वाजवली. मी काय काय ओरडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिसऱ्याला तो डाव्या कोपऱ्याकडे गेला. तिथे एक काटकुळा पोरगा होता, म्हसवडकडचा, मामाकडे राहून शिकणारा. सुभेदाराने हात पुढे केला आणि पोराने खाली बसून त्याचा घोटा असा धरला की मला दार बंद झाल्याचाच भास झाला. मग तिघे अंगावर पडले. सुभेदार त्या ओझ्यासकट रेषेकडे ओढत निघाला. माती असती तर घसरत आला असता. मॅटवर अंग चिकटलं. त्याचं बोट रेषेपासून वीतभर अलीकडे थांबलं.

हॉल एकदम गप्प झाला. त्या शांततेत ढिगाऱ्याखालून आवाज येत होता, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी." पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मॅडमनी शिट्टी वाजवली, तेव्हाच तो थांबला.

मी धावत गेलो आणि बोलायला सुरुवात केली. वय बासष्ट आहे, बूट नवे आहेत, मॅट ओली राहिली होती, तीस वर्षांपूर्वी असता तर ह्या पोराला खांद्यावर घेऊन आला असता. सुभेदार मॅटवर उताणा पडून हसत होता. म्हणाला, "गप रं. धरलं न्हवं त्यानं? झालं तर मग." मग त्या पोराकडे वळला. "लेका, पकड लय झ्याक हाय तुझी. हात कुठून आला ते कळलंच न्हाई. परत धर बघू, जरा सावकाश."

पोराने पुन्हा धरलं, सावकाश. सुभेदार तीनदा पडला आणि चौथ्यांदा पाय सोडवून उभा राहिला. पोरगं म्हणालं, "आजोबा, खाली एवढं दाबल्यावर तुमचा दम तुटला कसा न्हाई?"

सुभेदार घाम पुसत म्हणाला, "एकदा तुटलेला हाय. तुमच्याच म्हसवडाकडं."

मला वाटलं, हा दुसरी कुठली तरी चढाई सांगतोय. पण तो माझ्याकडेच बघत होता. "ह्यो सांगतोय न्हवं, ती चढाई. चार जण छाताडावर पडले आन् दम तुटला. मधी मी श्वास घेतला. हलग्या वाजत व्हत्या, पंचाला ऐकू आलं न्हाई. म्या बोट लावलं, त्यानं गुन दिला. त्या टायमाला खरं सांगाय तोंडातून शब्द निघाला न्हाई. मग लाज वाटाय लागली. तवापास्नं रोज पळताना एका दमात कबड्डी म्हनतोय. फौजेत बी, हितं बी. आज तुटला न्हाई बघ."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ते सगळं फारच आवडलं. मॅडमनी माझ्याकडे न बघता बादली उचलून ठेवली, ही त्यांची मेहरबानी. एवढी वर्षं बाकड्यावर पालथा पडून मी जे दाखवत होतो, ते तसं झालंच नव्हतं, आणि ज्याने केलं त्याला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

परत जाताना आम्ही दोघंच होतो. मला राग आला होता, त्याच्यावर की माझ्यावर ते कळत नव्हतं. मी म्हणालो, "मला तरी सांगायचंस. टपरीवर तू शेजारी बसून ऐकत व्हतास. एका शब्दानं बोलला न्हाईस."

"बोलनार व्हतो रं," तो म्हणाला. "दोन-चार येळला तोंडापतोर आलं. पन सांगताना तुझं त्वांड लय खुलायचं. उभ्या जल्मात तू एकदाबी गुन घेतला न्हाईस, आन् त्या गोष्टीत मात्र तू माझ्या संगट रेषंला हात लावायचास. ते मोडवना मला."

मी त्याच्या हातातली बुटांची पिशवी घेतली आणि त्याच्या घरापर्यंत मीच वाहून नेली.