चित्रातल्या बाईसमोरचा पेला

त्या खोलीत मी पहिल्यांदा काय लावलं असेल, तर ते चित्र. चुलीला लाकडं नव्हती, कंदिलात रॉकेल नव्हतं, पण शाळेतून हातोडी मागून आणली आणि भिंतीत खिळा ठोकला. आधी कळस मग पाया, असलाच कारभार होता माझा.

स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली होती. पौडच्या पुढं, मुळशी धरणाच्या वाटेवर एका गावात प्राथमिक शाळेची बाई म्हणून माझी नेमणूक झाली होती. मी पुण्यातल्या पेठेत वाढलेली. चित्रकलेच्या दोन परीक्षा दिलेल्या, म्हणून स्वतःला रसिक समजायचे. ते चित्र म्हणजे एका परदेशी मासिकाचं पान होतं, पुण्यात रस्त्यावरच्या रद्दी पुस्तकांत सापडलेलं. मी त्याला हौसेनं काच आणि चौकट करून घेतली होती.

चित्र फ्रान्समधलं, मागच्या शतकातलं. एका गुत्त्यात एक बाई आणि एक पुरुष शेजारी शेजारी बसलेत. बाईचे खांदे पडलेले, नजर कुठंच नाही. तिच्यासमोर हिरवट, दुधाळ दारूचा पेला. पुरुषाच्या तोंडात चिलमीसारखं काहीतरी आहे आणि तो भलतीकडे बघतोय. दोघांच्या मध्ये वीतभर अंतर आहे, पण ते कोसभर वाटतं. हे चित्र पहिल्यांदा प्रदर्शनात मांडलं तेव्हा भले लोक चिडले होते, असं त्या पानावर खाली इंग्रजीत लिहिलं होतं. मला त्याचं भारी कौतुक वाटायचं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर चित्राची पूजा झालेली. काचेवरून बाईच्या कपाळाला कुंकू, पुरुषाच्या कपाळाला बुक्का आणि वर तगरीचं फूल. घरमालकीण दारात उभी. पन्नाशीची, काटक बाई. मी तिला मावशी म्हणायचे.

"तुमचं आई-बाप का वो, बाई? कवा गेलं?"

माझं डोकं फिरलं. गावात काचेच्या चौकटीत एक तर देव असतो नाही तर मेलेलं माणूस, हे मला कुठं ठाऊक! मी पदरानं काच पुसली आणि फणकाऱ्यानं म्हणाले, "माझे आईवडील पुण्यात धडधाकट आहेत. ही परक्या देशातली माणसं आहेत. दारू पितायत."

मावशीनं काचेजवळ तोंड नेऊन बघितलं. "मंग भितीवं कशापायी टांगल्याती?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते तिला देण्यासारखं नव्हतं. खरं सांगायचं तर मी फार एकटी होते. शाळा सुटली की गावातल्या बायका शेताकडून घरी वळायच्या आणि माझ्याशी बोलायला कुणी उरायचं नाही. एकट्या राहणाऱ्या बाईकडे पुरुष येत नसत, आणि बायका आल्या तरी लग्नाचं विचारून निघून जात. संध्याकाळी पिठलं ढवळताना मी त्या चित्रातल्या बाईकडे बघायचे. तिला कुणी तरी शेजारी होतं आणि तरीही ती माझ्यासारखीच बसली होती. त्यानं जिवाला बरं वाटायचं, हे आज सांगायला लाज नाही.

माझ्या आणि मालकांच्या घरात कुडाची भिंत होती. पलीकडचं सगळं ऐकू यायचं, म्हणजे काहीच ऐकू यायचं नाही. मावशीचा नवरा मारत नव्हता, शिव्या देत नव्हता, बोलतही नव्हता. त्याचं मूळ गाव तरुणपणीच धरणात गेलं होतं. तो दिवेलागणीला ओढ्याकडे जायचा आणि धोतराच्या सोग्यात बाटली घेऊन यायचा. राज्यात दारूबंदी होती, पण ओढ्याला ते कुणी कळवलं नसावं.

एकदा संध्याकाळी मावशी भाजीची वाटी घेऊन आली आणि चित्रासमोर फतकल मारून बसली. म्हणाली, "टेबलांना पाय न्हाईत बगा. चितारी इसरला." मग म्हणाली, "ही बाई पीत न्हाई."

"पिते. पेला तिच्याच समोर आहे की."

"त्यो त्याचा हाय. तिनं वढून घेतलाय आपल्याकडं."

मला माझं ज्ञान पाजळायची संधी मिळाली. मी दाखवलं, त्याच्यासमोर त्याचा वेगळा पेला आहे, त्यातलं पेय काळपट आहे, हिरवी दारू बाईचीच. मावशीनं ते कानाआड केलं.

"तोंड बगा की तिचं," ती म्हणाली. "आवडीनं पिनाऱ्याचं तोंड असं आसतं व्हय?"

मग तिनं सांगितलं. पौडच्या डॉक्टरनं नवऱ्याचं पोट दाबून बघितलं होतं. यकृत सुजलंय, दारू सुटली नाही तर दिवाळी दिसायची नाही, म्हणाला होता. बाटली लपवून झाली, फोडून झाली, देवीला नवस बोलून झाला. तो दुसरी आणायचा. "मंग मीच शेजारी बसाया लागले. निम्मी मी पिते. तेवडीच त्याच्या पोटात कमी."

मी गारच पडले. ही माळकरी बाई, कांदा-लसणाला न शिवणारी! मी विचारलं, "आणि एकादशी?"

"सोडली. इठ्ठलाला म्हनलं, आता तूच काय ती समजूत घाल सोताची."

त्या दिवसापासून कुडापलीकडच्या शांततेचा अर्थ मला कळायला लागला. पितळी पेला जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला की दुसऱ्यांदा कुणी उचललाय हे मी ओळखायचे. तो ठसकत नसे, ती ठसकायची. माझ्या हातातला घास तिथंच थांबायचा. ही जिंकू दे, असं मी मनात म्हणायचे.

त्यानं दिवाळी पाहिली. होळी मात्र पाहिली नाही.

तेरावं झालं, पाव्हणे पांगले. दुसऱ्या दिवशी मावशी माझ्याकडे आली. कपाळ रिकामं, गळ्यात नुसती तुळशीची माळ. भिंतीला टेकून म्हणाली, "निम्मीच पीत हुते मी, बाई. जरा जास्ती प्याया पायजे हुती." मी तिचा हात धरून बसले.

मग तिनं विचारलं, "ह्यो फोटू देता का मला?"

तिच्याकडे नवऱ्याचा एकही फोटो नव्हता. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, म्हणून तो कधी पुण्याला फोटोवाल्याकडे गेलाच नाही. "त्यो बी आसाच बसायचा," ती म्हणाली. "हिकडं न बगता."

मी चित्र खाली उतरवलं. वाटलं, हिच्या सोयीचं करून द्यावं. मागचे खिळे उचकटले, कात्री घेतली आणि म्हणाले, "बाईला कापून काढते. नुसता पुरुष ठेवते."

मावशीनं कात्रीवरच हात ठेवला.

"आवं, तिला काय करता? मंग त्याचा प्याला कोन वढून घील?"

मी पान होतं तसं चौकटीत बसवून दिलं. तिनं ते तिच्या घरात देवळीशेजारी टांगलं, पुरुषाला बुक्का लावला. हार घालताना मात्र अडखळली. मग त्याच्या बाजूच्या कोपऱ्यावरून हार तिरपा सोडला आणि त्याचं टोक चौकटीमागं खोचलं, बाईच्या अंगावर एकही फूल येऊ नये म्हणून.

"तिला नगं," ती म्हणाली. "ती जिती हाय."