मुकादम सर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. निवृत्तीच्या सत्काराला उत्तर देताना सगळं आयुष्य सांगून टाकायचं म्हणून उभा राहिलो, आणि नेमकं एवढंच वगळून खाली बसलो. तुम्हाला का सांगतोय? — ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढं एक बरं आहे.

बीड जिल्ह्यात, नेकनूरच्या पलीकडे एका खेड्यात मी हायस्कूलला विज्ञान शिकवायचो. आता शाळांमधून भाषणं देत फिरतो. विषय — योग्य कॉलेज कसं निवडावं. हसू नका, लोक आवडीने बोलावतात. मी सांगतो, कॉलेज स्वतः जाऊन बघा. प्रयोगशाळेतला नळ सोडून बघा. शिकवायला कोण आहे ते फलकावर वाचू नका, तिथल्या मुलांना विचारा. जी सोडून गेली त्यांना तर आधी विचारा. आणि कुण्या एका सरांच्या शब्दावर जाऊ नका, माझ्यासुद्धा. इथे हमखास हशा पिकतो. हे शहाणपण मला कुठून आलं, असं मात्र कुणी विचारत नाही.

आमची शाळा सहकारी साखर कारखान्याच्या संस्थेची. एकामागून एक दुष्काळ पडले, ऊस संपला, कारखाना बंद झाला. मग अध्यक्षांनी साखरेच्या रिकाम्या गोदामात ज्युनिअर कॉलेज काढलं, तेही सायन्सचं. दोन टेबलं म्हणजे प्रयोगशाळा. शिक्षक अजून नेमायचे होते. आणि पोरं कुणी आणायची? — आम्ही. सुट्टीत दहावीच्या मुलांच्या घरी जायचं, आईबापांना गळ घालायची. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, आणि जोड्या जमवणाऱ्याला मुकादम. झालं, स्टाफरूममध्ये चेष्टा सुरू झाली — काय मुकादम, किती कोयते झाले? मीही हसायचो. सगळ्यांत मोठ्याने बहुतेक मीच हसायचो.

माझा आकडा कमी होता. कमी म्हणजे काय, नोकरी जाणार होती? छे. फार तर बैठकीत अध्यक्षांनी चारचौघांत टोमणा मारला असता, फार तर दूर बदली झाली असती. एवढंच. मी पुनःपुन्हा तपासून पाहिलंय — याहून मोठी भीती मला सापडत नाही. सापडली असती तर बरं झालं असतं.

त्या साली छाया माझ्या शाळेत पहिली आली. हुशार म्हणजे — कसं सांगू? उत्तर पाठ करणारी नव्हती. 'कशावरून सर?' हा तिचा पेटंट प्रश्न. मला आधी त्याचा राग यायचा, मग सवय झाली, मग मी त्याची वाट पाहायला लागलो. वर्गात तेवढी एकच पोर होती, जिच्यासाठी मी घरून तयारी करून जायचो. तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, ते पार उन्हाळ्यात परतायचे. ती चुलतीजवळ राहायची. घरात बाबासाहेबांची तसबीर होती आणि तिच्याखाली छायाची प्रमाणपत्रं ओळीने लावलेली.

निकालानंतर तिचे वडील किसनराव तिला घेऊन माझ्याकडे आले. मी जायच्या आधी तेच आले, हे लक्षात घ्या.

"सर, हिला बीडला घालावं म्हंतो," ते म्हणाले. "कॉलेज जुनं हाय, पोरींचं सरकारी हॉस्टेल हाय. आमी सहा महिनं फडात, हिच्यामागं कोण? कोयता आमच्यापातुर बास झाला. तुमी म्हणाल तसं."

कॉलेज त्यांनी निवडलेलं होतं. अगदी बरोबर निवडलं होतं. मी आज माइकवर जे सांगतो ते सगळं त्या माणसाला न शिकता कळलं होतं. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं — एक अक्षर. जमलं नाही.

मी म्हणालो, "किसनराव, हॉस्टेल यंदा बंद राहणार. बीडला पाणीच न्हाई."

कुठून आलं हे वाक्य? आधी ठरवलेलं नव्हतं, शपथेवर सांगतो. पण त्याचा उपयोग काय? ठरवलेलं नव्हतं तरी ते किती नेमकं बसलं! शिक्षक वाईट म्हणालो असतो, लांब पडेल म्हणालो असतो, तर त्यांनी वाद घातला असता. पाण्यावर कोण वाद घालणार? त्या उन्हाळ्यात टँकरमागे घागरी घेऊन पळणाऱ्या गावात पाणी नाही म्हटलं की बोलणं संपायचं. किसनरावांनी नुसती मान हलवली.

छायाने मात्र विचारलं. "कशावरून सर?"

"मी चौकशी केलीय," मी म्हणालो.

ती गप्प झाली. तीन वर्षांत माझ्या शब्दावर ती पहिल्यांदाच गप्प झाली. मला काय वाटलं सांगू? — सुटलो असं वाटलं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणी विचारायच्या आधी मीच म्हणालो, 'लिहा, एक कोयता झाला. पहिला नंबर.' सगळे हसले.

गोदामातल्या कॉलेजात फिजिक्सला सर आले, महिन्यात निघून गेले. नळ होते, पाणी नव्हतं. प्रयोग न करताच वह्या भरायच्या. छाया अधूनमधून शंका घेऊन माझ्याकडे यायची, आणि मी — मी घरात असून नाही म्हणून सांगायला लावायचो. तिचं बारावीचं वर्ष लागलं आणि पाण्यापायी चुलती मुलाकडे पुण्याला निघून गेली. तरणी पोर एकटी घरात कशी ठेवायची? किसनराव तिला फडात घेऊन गेले. ती परीक्षेपुरती परत आली आणि नापास झाली. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत तिचं लग्न झालं. जोडी पुरी झाली. स्टाफरूममध्ये मी थट्टेने म्हणालो होतो, ते खरं झालं.

लग्नाची पत्रिका आली होती. मी गेलो नाही.

मागच्या उन्हाळ्यात नेकनूरच्या स्टँडवर कुणीतरी हाक मारली. "जयभीम सर, ओळखलं का?" हातांवर उसाच्या पात्यांचे चरे, केसांत पांढरं. डोळे मात्र तेच, म्हणून ओळखलं. तिची मुलगी दहावी झाली होती, शेजारीच उभी होती.

"हिला कुठं घालू सर? तुमी सांगा."

मी सांगितलं. नळ सोडून बघ, पोरींना विचार, सगळं सांगितलं. बीडला घाल, हॉस्टेलला ठेव, म्हणालो. तिने वर्गात ऐकायची तसं मन लावून ऐकलं. मग म्हणाली, "त्या साली बी हॉस्टेल चालूच हुतं म्हणं सर. माझ्या जावंची बहीण तिथंच हुती." ती हसली — मला धीर द्यावा तशी. "तुमाला कुणीतरी चुकीचं सांगितलं असंल. तुमी तर लई जीव लावून शिकवायचे."

एसटी अजून लागली नव्हती. वेळ होता. ती समोर होती, तिची पोर ऐकत होती.

"हो ना," मी म्हणालो, "तसंच झालं असणार."

या वेळी तिने 'कशावरून' विचारलं नाही. एसटी आली, दोघी चढल्या, खिडकीतून तिने हात केला.

मला कुणीही चुकीचं सांगितलं नव्हतं.