पोलिक्सेनीचं खमीर

ग्रीसमधल्या पेलियोच्या डोंगरावरच्या आमच्या गावात पोलिक्सेनीच्या तोंडाला सगळे टरकून असतात. मी तर तिची शेजारीण. नवरा गेल्यापासून ती जास्तच कडाडते, पण चर्चचा पाव तिच्याच हातचा लागतो. दर सप्टेंबरात क्रुसाच्या सणाला मिळालेली तुळशीची काडी ती कालवलेल्या पिठावर ठेवते. बाजारचं काही न घालता ते पीठ फुगतं, आणि त्याच खमिरावर आमच्या आळीतल्या चुली वर्षभर चालतात.

यंदाच्या जुलैत धुकं हटेना. आमचे पाद्री पापा-सिदेरीस यांनी चर्चचा पाव उलटा केला, तर बुडाला हिरवे ठिपके. एवढ्यावर गप्प बसायचं ना? नाही. चर्चच्या दारात सगळ्या बायकांदेखत म्हणाले, "पोलिक्सेनी, यापुढे खाली व्होलोस शहरातून विकतचा मागवू. तो महिनाभर टिकतो." माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ती मात्र एक अक्षर न बोलता घरी गेली. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

तिचा मुलगा थ्रासोस व्होलोसच्या पावाच्या कारखान्यात आहे. त्यानं पांढऱ्या पुडीचं पाकीट आणलं. "आई, विष नाही हे. एका मेदाम्लाचा क्षार आहे, चीजलासुद्धा लावतात. चिमूटभर पाण्यात कालवून भाजलेल्या पावावर फवार, बुरशी धरणार नाही."

तिनं त्याला शिव्या घालून हाकललं आणि पाकीट ठेवून घेतलं. मग डोकं चालवलं. एकेका पावावर कोण फवारत बसणार? खमीर म्हणजे सगळ्या पावांची आई; आईलाच औषध दिलं की पोरं आपोआप धडधाकट! चमचाभर पूड तिनं थेट खमिरात कालवली, आणि तेच खमीर आम्हा सगळ्यांना वाटलं.

ऑगस्टअखेरच्या रविवारी तिच्या नवऱ्याचं, अनार्गिरोसचं वर्षश्राद्ध होतं. चर्चमध्ये तिनं मळलेल्या पावातून तुकडा कापून त्याचं नाव घेतलं जाणार होतं, एवढ्यासाठी ती वर्षभर दिवस ढकलत होती. शनिवारी पीठ मळलं, ते दगडासारखं पडून राहिलं. माझंही तसंच, पलीकडच्या असिमोचंही तसंच. मी परात उचलली आणि तिच्या दारात आदळली.

"काय घातलंस, भवाने?"

"तुझं पीठच किडकं."

"आख्ख्या आळीचं किडकं?"

तेवढ्यात थ्रासोस आला. काखेत विकतचा पाव, वर छाप उठवलेला, गुळगुळीत. खमिराचं भांडं हुंगून त्यानं कपाळाला हात लावला. "आई, यात घातलंस? अगं, बुरशी आणि खमीर सख्खी भावंडं. एकीला मारणारी पूड दुसऱ्याला ओवाळणार होती का?" मग त्यानं पाव पुढे केला. "असू दे. उद्या हा देऊ. बघ, ताजा आहे, महिनाभर टिकेल."

पोलिक्सेनीनं तो पाव घेतला आणि अंगणात भिरकावला. कोंबड्या पांगल्या.

"तुझा बाप टिकला नाही रे," ती ओरडली, "आणि त्याच्या नावाचा पाव टिकवून मी काय करू? माझ्या हातचा नसेल तर त्याचं नावच घ्यायचं नाही. क्रुसाच्या सणाला नवं खमीर लावीन, मग करीन श्राद्ध."

"आमच्यात श्राद्ध आधी करतात, उशिरा कधी नाही," मी म्हणाले. मलाही राग आवरत नव्हता. उद्या श्राद्धाला वाटायचे गहू शिजून, साखर पेरून ओट्यावर तयार होते. "गाव तोंडात शेण घालेल. अनार्गिरोस तिकडे ताटकळत उभा राहील, तुझ्या हट्टापायी."

"राहू दे उभा."

ती उंबऱ्यावर बसली. हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले होते.

"मी बाजारात मासेवाल्याशी भांडत बसायचे ना, तेव्हा हा पिशवी धरून कोपऱ्यावर उभा असायचा. तास तास. चल म्हणून म्हणाला नाही कधी. मी मुद्दाम लांबवायचे, बघू किती थांबतो." तिनं पिठाच्या मनगटानंच नाक पुसलं. "एकदाच नाही थांबला."