क्रमांक एकची पावती

माझ्या बापाला नंबराचं वेड आहे. वेडच म्हणायचं. दुसरा शब्द मला सापडत नाही आणि शोधायची इच्छाही नाही.

अप्पांनी, म्हणजे जळकोटच्या माणिकप्पांनी, एकतीस वर्षं जीप चालवली. जळकोट ते उदगीर, आणि कुणी सांगितलं तर थेट लातूर. स्टँडवरचा कायदा एकच. जी जीप आधी लागली तिचा नंबर आधी, आणि ती भरून निघेपर्यंत मागच्याने एकही सीट उचलायची नाही. रांग मोडून गाडी काढायची तर पुढच्या सगळ्यांना विचारायचं. मी सहा वर्षांची असताना माझा ताप डोक्यात चढला होता. डॉक्टर म्हणाले, उदगीरला हलवा. अप्पांनी मला मागच्या सीटवर झोपवलं आणि पुढच्या चारही ड्रायव्हरांना विचारायला गेले. चौथा हॉटेलात चहा पीत बसला होता. त्याला शोधलं, विचारलं, आणि मग गाडी काढली. अव्वाने, माझ्या आईने, हे त्यांना कधी माफ केलं नाही आणि मीही केलेलं नाही. पण स्टँडवर माणिकप्पांचा शब्द चालायचा तो यामुळेच, हेही खरं. दोन ड्रायव्हर नंबरावरून एकमेकांची गचांडी धरायला लागले की निवाडा करायला अप्पाच लागायचे.

असा माणूस इलेक्ट्रिक गाडीच्या नादी लागला, त्याला कारण होतं. जीप म्हातारी झाली होती. डिसेंबरअखेर तिचा परवाना संपत होता आणि पुढे वाढणार नव्हता. त्याच सुमाराला लातूरच्या एका धर्मादाय दवाखान्याला डायलिसिसच्या पेशंटांची ने-आण करायला गाडी हवी होती. जळकोट भागातले चार पेशंट, आठवड्यातून दोनदा, बारा महिने काम. अट इतकीच की गाडी इलेक्ट्रिक पाहिजे आणि एक जानेवारीला दारात उभी पाहिजे. त्या चौघांतल्या साखराबाई अप्पांच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून लातूरला जायच्या आणि येताना डोकं खिडकीला टेकवून निपचित पडून यायच्या. त्यांना बसमध्ये धक्के खात जायला लागू नये, असं अप्पांना फार वाटायचं. आणि गाडी नसेल तर अप्पांना उरलेलं आयुष्य ओट्यावर बसून काढावं लागणार होतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

इलेक्ट्रिक गाडी महाग. पण सरकारने सूट जाहीर केली होती, तीही पहिल्या ठरावीक गाड्यांना, आणि वर्ष संपायच्या आत नोंदणी होईल त्यांनाच. सूट मिळाली तर गाडी आम्हाला झेपत होती, नाही तर नाही. लोकांची झुंबड उडाली. ज्यांनी उभ्या जन्मात कधी रांग लावली नाही तेही रांगेत आले. गाड्या मात्र कारखान्यातून उपकार केल्यासारख्या एकेक करून सुटत होत्या.

लातूरचं शोरूम वीरेशचं. वीरेशचे वडील शंकरप्पा आमच्याच गावचे, आमच्याच समाजाचे. रान विकून ते लातूरला गेले आणि गाड्यांच्या धंद्यात पडले. रान गेलं म्हणून दर येळवशीला, म्हणजे वेळअमावस्येला, ते आमच्या रानात जेवायला यायचे, आणि ते वारल्यावर वीरेश बायको आणि दोन पोरींना घेऊन यायला लागला. पाहुणा म्हणून त्याला नेहमी पहिल्या पंगतीत बसवायचे. अप्पांना काका म्हणायचा, वाकून पाया पडायचा. तोंडाने इतका गोड की मला तेव्हाही किळस यायची. पण माझं कोण ऐकतं?

बुकिंग उघडलं त्या दिवशी अप्पा पहिल्या गाडीने लातूरला गेले आणि शोरूमच्या पायरीवर जाऊन बसले. शटर उघडायच्या दोन तास आधी. पावती मिळाली तिच्यावर छापलं होतं, क्रमांक एक. ती त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली, गळ्यातल्या इष्टलिंगाशेजारी. स्टँडवर दहा जणांना दाखवली. मी उदगीरच्या शाळेत शिकवते, चार माणसांशी माझा संबंध येतो. मी म्हटलं, अप्पा, अधूनमधून जाऊन विचारत राहा, कुणाकडून तरी फोन करवा. अप्पा माझ्यावरच भडकले. नंबर लागलाय तर विचारायचं कशाला? पुढे कुणीच नाही, मग गाडी जाईल कुठे? जळकोटच्या स्टँडचा कायदा लातूरच्या शोरूमलाही लागू असतो, असं माझ्या बापाला वाटत होतं. एकतीस वर्षं माणसं वाहिली, पण माणसं ओळखता आली नाहीत.

त्या वर्षी येळवस तीस डिसेंबरला आली. त्या दिवशी आमच्या जिल्ह्यात माणूस गावात सापडत नाही. बाजार बंद, रस्ते ओस, लेकराबाळांसकट सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे लहान खोपी, करायची, पूजा करायची, ‘ओलगे ओलगे’ म्हणत पिकावर आंबील शिंपडायची, आणि मग डाळी-भाज्यांची एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. रस्त्याने कुणी अनोळखी चालला असला तरी त्याला हाक मारून बसवायचं. येळवशीला आपल्या रानातून कुणी उपाशी गेलं तर ते वर्ष फळत नाही, असं अप्पांची आई सांगायची आणि अप्पा ते शब्दशः मानतात. आमच्या रानात फोनला रेंज नाही. अप्पा तर त्या दिवशी फोन घरीच खुंटीला अडकवून येतात.

वीरेश बारा वाजता आला. पाया पडला, पहिल्या पंगतीत बसला, भज्जी तीनदा मागून घेतली. जेवता जेवता मधेच उठून वर सडकेपर्यंत गेला, कानाला फोन लावून बोलला, परत आला आणि आणखी एक उंडा घेतला. वाढणारी मीच होते, म्हणून मला हे नीट आठवतं. अप्पांनी त्याला एका शब्दाने गाडीचं विचारलं नाही. सणाला जेवायला बसलेल्या माणसाला कामाचं विचारू नये, हाही त्यांचाच एक कायदा. तीन वाजता वीरेश सोबत आंबिलीची बाटली भरून घेऊन गेला.

संध्याकाळी घरी आल्यावर मी अप्पांचा फोन पाहिला. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी शोरूमचा मेसेज येऊन पडला होता. आपली गाडी आली आहे, आज पाचच्या आत समक्ष येऊन सह्या कराव्यात, अन्यथा गाडी पुढील ग्राहकाला देण्यात येईल. तेव्हा साडेसात वाजले होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही दोघं लातूरला गेलो. शोरूमसमोर पांढरी गाडी उभी होती, हार घातलेली. शेजारी पेढ्यांचा बॉक्स घेऊन एक क्लासवाला उभा होता, ज्याच्या दारात आधीच दोन गाड्या होत्या. आत टेबलावर यादी होती, ती मी उलट्या बाजूनेच वाचली. त्याचा नंबर सदतीस. प्रत्येक नावापुढे मेसेजची वेळ लिहिलेली होती. एक ते छत्तीस सगळ्यांना त्याच मिनिटाला तोच मेसेज गेला होता, आणि छत्तीसच्या छत्तीस आपापल्या रानात होते. सदतिसाव्याला मात्र शहरातच थांबायची बुद्धी झाली होती.

मी तोंड उघडणार तोच अप्पांनी हाताने मला थांबवलं. आधी त्यांनी खिशातून पावती काढून टेबलावर ठेवली. मग विचारलं.

“काल तू माझ्या रानात जेवत बसला होतास, तवा गाडी इथं येऊन उभी होती का न्हाई?”

वीरेश खुर्चीतून उठून उभा राहिला. त्याने आधी खिडकीबाहेर पाहिलं, मग हसला.

“काका, सणाच्या दिवशी धंद्याचं कुठं बोलायचं? तुमच्याकडूनच शिकलो हे.”

इतक्या वर्षांचं अन्न खाऊन त्याने केसाने गळा कापला, आणि वर तो आमच्याच रिवाजाने कापला. पुढे म्हणाला की दुसरी गाडी मार्चमध्ये येईल, फक्त सूट आज संपते, पण तुमच्यासाठी सीट कव्हर मोफत देतो. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिथे कामाला असलेल्या दोन पोरींनी कानावर हात ठेवले. अप्पांनी पावती पुन्हा पिशवीत घातली आणि बाहेर आले. त्या दिवशी मला वीरेशपेक्षा जास्त राग बापाचा आला. सबंध रस्ता मी त्यांना तेच ऐकवत होते, की नंबर नंबर करत बसलात, आता घ्या नंबर.

जानेवारीत दवाखान्याचं काम उदगीरच्या एकाला गेलं. तो चार पेशंट नेतो, पण दाराशी येत नाही, चौकात या म्हणतो. साखराबाई पहिला महिनाभर काठी टेकत चौकात गेल्या, मग बसने जायला लागल्या. जीप भंगारात निघाली. अप्पा अजूनही सकाळी सहाला स्टँडवर जातात आणि दुसऱ्यांच्या जीपांचे नंबर लावतात. ड्रायव्हर पोरं त्यांना दर खेपेला दहा रुपये देतात.

पुढच्या येळवशीला वीरेश पुन्हा आला. निर्लज्जपणाला हद्द असते असं मला त्या दिवसापर्यंत वाटायचं. बायको आणि दोन पोरी बरोबर होत्या. आला, वाकला, आणि सवयीने पहिल्या पंगतीत जाऊन बसला. मी आंबिलीचा तांब्या हातात घट्ट धरला होता. तो मी कशासाठी धरला होता हे अव्वाला कळलं असावं, तिने तो काढून घेतला.

अप्पा पंगतीपाशी आले. वीरेशच्या बायकोला आणि पोरींना, त्या वर्षी जेवायला बोलावलेल्या साखराबाईंच्या शेजारी बसवलं, स्वतःच्या हाताने वाढलं. मग वीरेशला म्हणाले, “तू ऊठ. तुझा नंबर मागं हाय.”

तो हसत उठला. थट्टा वाटली असेल. बाभळीखाली जाऊन बसला. पहिली पंगत उठली, दुसरी बसली. अप्पांनी शेजारच्या रानातल्या गड्यांना हाका मारून बोलावलं. सडकेवरून एक ट्रॅक्टर चालला होता, त्यातल्या सहा जणांना बसवलं. तिसरी पंगत, चौथी पंगत. पोरी बापाकडे बघत होत्या. साखराबाई म्हणाल्या, माणिकप्पा, सणाला असं करू नये. अप्पांनी त्यांच्या हातात खिरीची आणखी एक वाटी दिली आणि पुढे गेले. चार वाजता त्यांनी भज्जीचं पातेलं उचलून वीरेशपुढे नेलं आणि तिरपं करून दाखवलं.

“सरली,” ते म्हणाले. “मी न्हाई म्हणलो न्हाई बरं का. नंबर आला न्हाई तुझा.”

वीरेश बायको-पोरींना घेऊन निघून गेला. परतताना त्याने आंबील मागितली नाही. मला आनंद झाला, इतका की मी मोठ्याने हसले, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

अव्वाने अप्पांचं ताट झाकून ठेवलं होतं, भज्जी, दोन उंडे, खीर. ती जेवा जेवा म्हणत राहिली. अप्पा कोपीपाशी पाठ करून बसले होते.

“येळवशीला माणूस उपाशी लावून दिला मी,” ते म्हणाले. “आता मी कसा जेवू?”

त्यांनी उठून ते ताट म्हशीपुढे ओतलं आणि पातेलं घासायला विहिरीवर गेले.