हात मागे बांधणाऱ्या बाई

अग्निशमन दलातल्या नऊ धडधाकट जवानांचे हात ज्यांनी शाळकरी मुलींच्या लाल रिबनींनी पाठीमागे बांधले, त्या बाई उंचीला जेमतेम माझ्या खांद्याला लागत. अंगावर इस्त्रीची सुती साडी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट आणि आवाज असा खणखणीत, की बंबाचा भोंगा परवडला. सारी नोकरी त्यांनी कागलकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिलीला शिकवण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर आम्ही त्यांच्या तावडीत सापडलो आणि आमचीही पहिली सुरू झाली.

त्या आल्या त्याच भांडत. आम्ही एका शाळेत आगीचं प्रात्यक्षिक दाखवायला गेलो होतो. सिलिंडर पेटवला, ओलं पोतं टाकून ऐटीत विझवला, टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्ही मिशांवरून हात फिरवतोय तोवर, नातीला न्यायला आलेल्या बाई तडक आमच्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या.

"तमाशा झ्याक झाला. पण शिकलं कोण?"

साहेब काही बोलायच्या आत त्यांनी पुढच्या रांगेतल्या एका गुरुजींना उठवलं आणि पोतं कसं धरायचं ते विचारलं. गुरुजी आमच्याकडे बघायला लागले, आम्ही गुरुजींकडे. आमचे साहेब दिलदार माणूस. राग मानायचं सोडून त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "मग बाई, तुम्हीच आमच्या जवानांना शिकवायला शिकवा." तेव्हापासून दर शनिवारी कागलच्या एसटीनं बाई आमच्या स्टेशनच्या आवारात हजर होऊ लागल्या.

पहिला दणका माझ्या भाषेला बसला. मी रात्रभर घोकून भाषण पाठ केलं होतं. 'ज्वलनशील पदार्थ, प्राणवायू आणि उष्णता यांचा त्रिकोण' इथवर आलो तशी बाईंनी हात वर केला. "ह्यो त्रिकोण तुझ्या घरी ठेव. शेगडी म्हण, नळी म्हण, पोतं म्हण. बाई सैपाकाला हुबी हाय, परीक्षेला न्हवं." बाकीचे आठ जण फिदीफिदी हसले. पुढच्या आठवड्यात त्यांचीही पाळी आली, तेव्हा मीही हसून घेतलं.

पण आमची खरी खोड वेगळीच होती, आणि ती फक्त आग विझवणाऱ्या माणसालाच असू शकते. सरावाला वस्तीतली माणसं बोलवत. शिकायला पुढे आलेलं माणूस ज्वाळेसमोर जरा बिचकलं, की आमचा जवान झेप घेई आणि स्वतःच आग विझवून मोकळा होई. हातांना सवयच तशी. बाई कपाळावर हात मारून घेत. "इझवलीस तू. ती काय शिकली? तू येणार हाईस, एवढंच." आणि मग एका शनिवारी त्यांनी पिशवीतून रिबनी काढल्या. शिकवायचं ते हात मागे बांधून, नुसत्या तोंडानं.

माझी गाठ त्या सगळ्यांत घट्ट बांधत, तरी माझे हात सुटत. बाईंनी मला दोनदा नापास केलं. शेवटी मी त्यांना खरं कारण सांगितलं. मागे एकदा अरुंद गल्लीत बंब अडकला आणि आम्ही पळत पोचलो, तोवर एका माउलीचे दोन्ही हात भाजले होते. पेटलेल्या नळीवर ती नुसत्या हातांनी फडकं मारत राहिली होती. ते हात मला अजून दिसतात, म्हणालो. वाटलं, बाई पाठीवरून हात फिरवतील.

"त्या दिवशी तू उशिरा पोचलास," बाई म्हणाल्या. "म्होरच्या बारीला बी उशिराच पोचशील. गल्ली काय रुंद हुणार न्हाय. तवा तुझ्या आधी तिथं कोण असणार हाय, त्येच्याकडं बघ." मला राग आला. मग घरी जाऊन जेवलो, आणि राग कुणाचा आला तेच आठवेना.

माझ्या परीक्षेची तिसरी खेप राजारामपुरीत होती. एका गल्लीतल्या बायका मिळून चुरमुऱ्यांचं भडंग करून विकत, त्यांच्यासाठी. बाईंचा नियम असा, की पुढच्या रांगेतल्यांना बोलवायचंच नाही, सगळ्यांत मागे लपलेलं माणूस पुढे आणायचं. मागे लपल्या होत्या नसीमाभाभी. ज्वाळा फुरफुरली तसं त्यांनी हातातलं पोतं टाकलं. "मला न्हाय जमायचं. मी जातो घरला."

माझ्या मनगटांना रिबन काचायला लागली. भिंतीपाशी बाई डोळे वटारून उभ्या. मी जागचा हललो नाही, नुसता बोलत राहिलो. "भाभी, पोतं उचला. अंगाम्होरं धरा. वाकून या. वरनं झाका. आता कॉक फिरवा." भाभी एकेक पाऊल येत राहिल्या. पोतं ज्वाळेवर पडलं, कॉक फिरला, ज्वाळा गेली. भाभींनी पोत्याकडे बघितलं, आपल्या हातांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आनी एकदा पेटवा की!"

बाईंनी माझी गाठ सोडली, पण पास म्हणाल्या नाहीत. "निकाल मी देणार न्हाय. आग देईल." त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या लेकीकडे बेळगावला राहायला गेल्या. स्टँडवर आम्ही नऊही जण गणवेशात उभे होतो. मिशीवाल्या माणसांना रडताना बघून कंडक्टरनं घंटी द्यायला उशीर केला.

काही महिन्यांनी भरदुपारी वर्दी आली. राजारामपुरी, भडंगाची खोली. क्लासच्या मुलांच्या दुचाकींनी गल्लीचं तोंड बुजलेलं, बंब बाहेरच अडकला. मी पळत सुटलो. पळताना मला तेच जुने हात दिसत होते.

दारात नसीमाभाभी उभ्या होत्या. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत लालभडक.

"मागं सरा, पावणं! लाइटच्या बटनाला हात लावू नगासा कुणी!" भाभी कडाडल्या. मग त्यांनी माझा चेहरा बघितला. "आवो, दादा तुम्ही व्हय! कवाच इझली की."

हातांना लागलं होतं ते भडंगाचं तिखट. आत सिलिंडरवर ओलं पोतं, कॉक बंद, खिडक्या सताड उघड्या, सगळ्या बायका बाहेर सुखरूप. मी पायरीवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो, आनंदानं. तसाच बेळगावला फोन लावला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आनी तू काय केलंस?"

"काय न्हाय, बाई. करायला शिल्लकच न्हवतं काय."

मग बाई म्हणाल्या, "भाभीला फोन दे."

भाभी फोन कानाला लावून, पदर सारखा करून ताठ उभ्या राहिल्या. "व्हय बाई... व्हय... करतो की, बाई." फोन माझ्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "दादा, मंगळवारी सिलिंडर आनी पोतं घिऊन या. पलीकडच्या गल्लीतल्या बायका गोळा करतो. शिकवणार मी. तुम्ही निस्तं हुबं ऱ्हायाचं."

साहेबांचे किती हुकूम आजवर ऐकले. इतक्या आनंदानं मी दुसरा एकही मानलेला नाही.