घासलेला तवा

आमच्या घरात बिडाच्या तव्याला साबण लागत नाही. घावणं काढून झाली की तवा फडक्याने पुसायचा, वरून तेलाचा हात फिरवायचा आणि भिंतीला टेकवून ठेवायचा. अठरा वर्षं बायकोने तो असा सांभाळला. मी सांभाळला नाही. मी घावणं खाल्ली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी आवाज चढवला तो तवा जणू माझा असल्यासारखा.

गेल्या वर्षी बायकोला अर्धांगाचा झटका आला. बोलणं सुधारलं, पाय सुधारला, पण उजवा हात मनगटापासून लुळा राहिला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो तिने दोन दिवसांत कपाटावर टाकला. "मी काय कुत्र्याचं पिल्लू, चेंडू खेळायला?"

मुलगी इथेच रत्नागिरीत इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करते. एका रविवारी मी बर्फाच्या कारखान्यातून घरी आलो, तर टीव्हीवर एक होडी लाटांवरून चालली होती आणि बायकोसमोर टेबलावर तो तवा. मुलीने तव्याला एक वायर जोडली होती, कालथ्याला दुसरी. कालथा तव्याला टेकला की होडी उडी मारायची. बायको घावण उलटावं तसं मनगट वळवत होती. होडी बुडली की "मेली गो!" म्हणून हसत होती.

मला दिसला फक्त तवा. मधोमध पॉलिश पेपरने घासून पांढरा केलेला.

"हा कोणी घासला?"

"मी. त्या काळ्या थरातून करंट जात नाही, बाबा."

"अठरा वर्षांचा तवा! आईच्या आजारपणाचा खेळ मांडलास?"

"मांडू दे," बायको म्हणाली. "घावणं कोण घालणाराय आता?"

हे ऐकूनही मी ऐकलं नाही. पोफळीहून बहिणीचा फोन आला, तिला मी सगळं सांगितलं. "वहिनी आजारी, आणि तुमच्याकडे गेम चाललेत?" ती म्हणाली. मला तेवढंच हवं होतं.

बुधवारी दुपारी दोघी दवाखान्यात गेल्या. मी तवा गॅसवर ठेवला, अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवला, धूर येईपर्यंत तापवला, पुन्हा तेल, पुन्हा धूर. संध्याकाळपर्यंत तवा काळा झाला. घराची अब्रू वाचवल्यासारखं मला वाटलं.

बायको खेळायला बसली. कालथा टेकवला. होडी उडाली नाही, लाटेवर आपटली. पुन्हा टेकवला. मग डाव्या हाताने उजवं मनगट धरून दाबला. तरी नाहीच.

"गेला," ती म्हणाली. "परत गेला हात."

मुलगी खाली वाकून वायरी तपासत होती. मी समोर चहा पीत बसलो होतो. मला माहीत होतं! एका वाक्याचं काम होतं, आणि मी बशीत चहा ओतत राहिलो. लोक दारू पितात, मारहाण करतात, त्यांना आपण नालायक म्हणतो. मग बायको स्वतःचा धडधाकट होत आलेला हात मेला समजून रडते आणि नवरा गप्प बसतो, त्याला काय म्हणायचं?

मुलीने तव्यावरून बोट फिरवलं. बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाबा, तेल?"

तेव्हा कुठे मी कबूल केलं. बायकोने कालथा खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे हात नव्हता गेला माझा. डोकं गेलं होतं तुमचं."

तवा मीच घासला. मनगट भरून आलं. मला थांबावंसं वाटलं, तेव्हा ती म्हणाली, "कडेला राहिलंय बघा."

घावणांसाठी आता दुसरा तवा आणलाय. तो मुरवायचं काम माझ्याकडे आहे आणि घावणं अजून चिकटतात. ती रोज खेळते, मूठ आवळते आता. पण होडी कधी उडाली नाही, तर ती आधी माझ्याकडे बघते आणि मग हाताकडे.