थंड पडलेली

जो उपासनेला नीट बसत नाही, त्याला आमच्या चर्चमध्ये म्हणतात, ‘विश्वासात थंड पडला.’ सगुणामावशीला मी तेच म्हणायचे. उपदेश सुरू झाला की ही उठून बाहेर जायची, ती थेट शेवटच्या गीताला परत यायची. महिला मंडळात मी तिचं नाव घेऊन प्रार्थनाही केली होती, डोळ्यांत पाणी आणून.

परवाच्या रविवारी पाळकसाहेब येशूने शिष्यांचे पाय धुतले ते सांगत होते, आणि ही उठली. चार शब्द सुनवावेत म्हणून मी मागोमाग गेले आणि दारातच थिजले.

आम्ही बाहेर काढून ठेवलेल्या चपलांमध्ये मावशी फतकल मारून बसली होती. एकेक चप्पल उलटीपालटी करून बघत होती आणि तुटायला आलेला अंगठा दाभणाने शिवत होती.

मी माझी चप्पल उचलली. ती इतकी टिकली म्हणून मी दुकानदाराचं कौतुक करत फिरते. अंगठ्यापाशी काळ्या दोऱ्याचे टाके होते, मळून गेलेले, जुने. पाय धुण्याचा उपदेश जन्मभर ऐकला मी, पण पायातलं कधी पाहिलं नव्हतं.

“मावशी, हे कधीपासून?”

“हळू बोल. आत पाय धुवायचं चाललंय, ऐकू दे मला,” ती म्हणाली. “आणि माझ्यासाठी प्रार्थना केलीस म्हणे. बरं केलंस गं. आता एवढा दोरा ओवून दे, दिसत नाही मला.”

मी दाभण हातात घेतलं. मलाही दिसेना.